उजवीकडे राहिलेला डावा

ओडेसा टिलमन आमच्या कंपनीत आली तेव्हा अडतीस वर्षांची होती. त्याआधी चौदा वर्षं तिनं वेस्ट बाल्टिमोरच्या एका शाळेत गणित शिकवलं होतं आणि संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कॉम्प्युटरची पदवी मिळवली होती. आम्ही एकूण पाच माणसं. बाल्टिमोरच्याच हॅम्पडन भागातल्या एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मालक स्टॅन डोंब्रोस्की, घसा फोडून बोलणारा, मनानं बरा. आणि मी, लॉइड केसलर, मुख्य प्रोग्रामर. ‘मुख्य’ हा शब्द मी दारावरच्या पाटीवर स्वतः लिहून घेतला होता.

आम्ही रक्तपेढ्यांसाठी प्रोग्राम बनवायचो. रक्ताच्या पिशवीला मुदत असते. जिची आधी संपणार ती आधी द्यायची. त्यामुळे सगळ्या पिशव्या सतत मुदतीच्या क्रमानं लावलेल्या लागतात, आणि रोज त्यात नव्या येतात, जुन्या जातात. यासाठी मी कॉम्प्युटरच्या आत एक झाड उभं केलं होतं. आमच्या धंद्यात याला झाडच म्हणतात, फक्त ते वरून खाली वाढतं. शेंड्याला एक पिशवी, तिच्या डाव्या फांदीवर आधी संपणाऱ्या, उजव्या फांदीवर नंतर संपणाऱ्या, आणि प्रत्येकीच्या खाली पुन्हा तसंच. शोधताना दर पायरीला निम्म्या पिशव्या बाजूला पडतात. अट एकच, झाड एकीकडे कलता कामा नये. म्हणून पिशवी आली किंवा गेली की फांद्या इकडच्या तिकडे फिरवून तोल सावरावा लागतो. पिशवी आत घालणं त्या मानानं सोपं. काढणं जिकिरीचं. काढताना अकरा वेगवेगळ्या परिस्थिती उद्भवू शकतात आणि प्रत्येकीचा तोल वेगळ्या तऱ्हेनं सावरायचा असतो. मी त्या अकराही आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं काढल्या होत्या आणि तो कागद चौकटीत घालून माझ्या टेबलामागे टांगला होता. काढण्याचा भाग चारशे बारा ओळींचा होता. त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियमही होता. तो मीच केलेला.

१९९१च्या फेब्रुवारीत एका सोमवारच्या मीटिंगला ओडेसा चार पानांच्या झेरॉक्स घेऊन आली.

“हे काय?” स्टॅननं विचारलं.

“गेल्या वर्षी कॉम्प्युटरच्या एका मासिकात आलंय. आपल्याच विद्यापीठातलं काम आहे. झाडाऐवजी वापरता येईल असं काहीतरी.” तिनं फळ्यावर एक आडवी रेघ मारली आणि तिच्यावर ठिपके काढले. “माझे वडील शहराची बस चालवायचे, त्यामुळे मला हे बससारखं दिसतं. ही खालची रांग म्हणजे साधी बस. सगळ्या पिशव्या क्रमानं, प्रत्येक कोपऱ्यावर थांबा. हिच्यावर दुसरी रांग, मोजक्याच थांब्यांची, जलद बस. तिच्यावर आणखी जलद. आपण सगळ्यात वरच्या बसनं निघायचं. पुढचा थांबा घराच्या पलीकडे जातोय असं दिसलं की खालच्या बसमध्ये बदलायचं. पाचसहा उड्यांत घरी.”

“आणि कुठली पिशवी जलद बसचा थांबा, हे ठरवणार कोण?” मी म्हणालो.

“नाणं.”

“काय?”

“पिशवी आली की नाणं उडवायचं. म्हणजे कॉम्प्युटर उडवणार. छापा आला तर ती एक मजला वर चढते. पुन्हा छापा, आणखी एक. काटा आला की तिथंच थांबायचं. मग निम्म्या पिशव्या दुसऱ्या मजल्यावर, पाव तिसऱ्यावर, असं आपोआप होत जातं. तोल सावरायचाच नाही. काढायची असेल तर प्रत्येक मजल्यावर तिच्या आधीच्याचा हात तिच्या पुढच्याच्या हातात द्यायचा. संपलं.”

ती बोलत असताना स्टॅन मान डोलावत होता. ते मला खटकलं. मी वर्षभर पेन्सिल घासून जे केलं ते ही बाई बसच्या थांब्यांत उरकत होती.

“स्टॅन,” मी म्हणालो, “आपण ऑफिसच हलवू या. अटलांटिक सिटीला. खाली जुगाराची टेबलं, वर रक्तपेढी.”

सगळे हसले. स्टॅन सगळ्यात मोठ्यानं.

ओडेसा हसणं थांबेपर्यंत थांबली. वर्गात उभं राहायची सवय असलेल्या माणसासारखी. मग म्हणाली, “नशीब फुटकं निघालं तर शोधायला थोडा वेळ जास्त लागेल, लॉइड. उत्तर चुकणार नाही. नाण्यावर फक्त वेग अवलंबून आहे, खरेपणा नाही.”

“बसा आता, छापा-काटाबाई,” मी म्हणालो.

ते नाव चिकटलं. पुढं कितीतरी दिवस बाकीचे तिला त्याच नावानं हाक मारायचे, आणि मी ते थांबवलं नाही. तिनंही कधी चिडून दाखवलं नाही. मार्चमध्ये तिनं माझ्या टेबलावर एक फ्लॉपी आणून ठेवली.

“घरी बसून लिहिलंय. तुमच्या झाडाच्या जागी जसंच्या तसं बसेल. काढण्याचा भाग अडतीस ओळींचा आहे.” मग जरा थांबून, “तुमचा भाग मला एकदा वाचायला द्याल का? दोघांनी वाचलेलं बरं असतं.”

“तो समजायला तुला बरीच वर्षं लागतील,” मी म्हणालो आणि फ्लॉपी खणात टाकली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात खाडीपलीकडच्या एका रक्तपेढीतून फोन आला. ईस्टर्न शोअरवरचं छोटं गाव, छोटी पेढी, आमची दोन वर्षांची गिऱ्हाईक. झालं होतं ते असं. शुक्रवारी दुपारी तिथल्या हॉस्पिटलात बाळंत होताना एका बाईला रक्तस्राव सुरू झाला. तिचा गट ओ निगेटिव्ह. हॉस्पिटलनं पेढीला विचारलं, पेढीतल्या माणसानं पडद्यावर पाहिलं, आणि सांगितलं की एकही पिशवी शिल्लक नाही. फ्रीज उघडून बघायचं त्याला सुचलं नाही. कसं सुचणार? दोन वर्षं आम्हीच त्यांना शिकवत होतो की पडदा सांगेल तेच खरं. पोलिसांच्या गाडीतून पूल ओलांडून बाल्टिमोरहून रक्त यायला दोन तास लागले. बाई वाचली, मूलही वाचलं. पण तिचं गर्भाशय काढावं लागलं. वेळेवर रक्त मिळालं असतं तर ते राहिलं असतं का, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येईना. शनिवारी सकाळी पेढीतल्या व्हर्ना प्रुइट या बाईंनी फ्रीज उघडला तर दुसऱ्या फळीवर ओ निगेटिव्हच्या चार पिशव्या होत्या.

“जाऊन बघून ये,” स्टॅन म्हणाला. “आपली चूक नाही एवढं लिहून आण आणि संध्याकाळपर्यंत परत.”

पेढीचे व्यवस्थापक बर्डेट क्रॉपर यांनी मला दारातच गाठलं. “तुमच्या मशीनला काही झालेलं नाही. ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. “आत्ता बघा, चारही पिशव्या दिसतायत. प्रुइटबाईंनी त्या मंगळवारी नोंदवायला हव्या होत्या. विसरल्या. शनिवारी सकाळी एकट्याच होत्या, तेव्हा गुपचूप चढवल्या आणि आता म्हणतात मंगळवारीच केलं होतं. बावीस वर्षं काम केलंय त्यांनी इथं. मला वाईट वाटतंय. पण बनवाबनवी मी खपवून घेणार नाही.”

तिथल्या मशीनची एक रीत होती. दर शनिवारी सकाळी ते बंद करून पुन्हा चालू करायचं, आणि हे काम व्हर्ना प्रुइटच करायच्या. चालू होताना माझा प्रोग्राम डिस्कवरच्या नोंदी वाचून झाड नव्यानं उभारायचा. तिथं उभा राहून क्रॉपर यांचं बोलणं ऐकता ऐकताच मला ती रीत आठवली. पिशव्या शुक्रवारी नव्हत्या आणि मशीन पुन्हा चालू झाल्यावर होत्या, याचा दुसराही एक अर्थ होत होता.

व्हर्ना प्रुइट सत्तावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेल्या. त्या मला मशीनपाशी घेऊन गेल्या. क्रॉपर लांब गेल्यावर हळूच म्हणाल्या, “मिस्टर केसलर, मी म्हातारी झालेय, विसरते, सगळं खरं. पण या मी नोंदवल्या होत्या हो. मंगळवारी. माझ्या बहिणीचा फोन आला होता, मी तिला म्हटलं थांब, चार पिशव्या चढवते आणि बोलते.”

“बघतो मी,” म्हणालो.

दुपारी मी कुठं जेवायला जाणार असं विचारून त्यांनी स्वतःच्या डब्यातलं खेकड्याचं सूप अर्धं माझ्या पुढ्यात ठेवलं. गरम करून आणलं, वर खारी बिस्किटं दिली. माझ्या शेजारी बसून त्यांनी काही खाल्लं नाही, नुसता चमचा फिरवत राहिल्या. “चोर म्हणाले असते तरी चाललं असतं एक वेळ,” त्या म्हणाल्या. “त्या पोरीचं असं झालं, आणि मी ते झाकायला बघितलं म्हणतात. चर्चमध्ये बायका माझ्याकडे बघत नाहीत.”

त्या गेल्यावर मी टेबलाखालचं खोकं ओढलं. मशीनला एक छोटा प्रिंटर जोडलेला असायचा. होणाऱ्या प्रत्येक नोंदीची एक ओळ तो कागदाच्या गुंडाळीवर छापायचा, नुसते आकडे आणि खुणा. ती सोय मी माझ्यासाठी केली होती, पेढीतल्या कुणाला ती वाचता यायची नाही. डिस्कवरच्या नोंदीत मी वेळ साठवलीच नव्हती, जागा वाचवायला. वेळ होती ती फक्त या गुंडाळीवर.

मंगळवार, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. चार ओळी, एकाखाली एक. ओ निगेटिव्ह.

आणि खाली शुक्रवारी पावणेबाराला दुसऱ्याच कुठल्यातरी गटाची एक पिशवी काढल्याची ओळ. त्या चार पिशव्या काढल्याची किंवा शनिवारी पुन्हा चढवल्याची ओळ कुठंच नव्हती. एक पिशवी काढताना माझ्या झाडाची अख्खी फांदी तुटून पडली होती.

मी त्या ओळी पुन्हा एकदा वाचत होतो. क्रॉपर दारात येऊन म्हणाले, “सापडलं काही?”

पुढचं मी अगदी शांत आवाजात बोललो. ते आठवलं की अजूनही कानशिलं तापतात. मी म्हणालो, “आमच्या बाजूनं काही दिसत नाही.”

गुंडाळीचा तेवढा तुकडा फाडून मी ब्रीफकेसमध्ये ठेवला. निघताना व्हर्ना प्रुइट दाराशी आल्या. काही विचारलं नाही. नुसतं बघितलं. मी म्हणालो, “सूप फार छान होतं.”

पुलावरून परत येताना मी स्वतःला समजावत होतो की आधी चूक सापडू दे, मग सांगू. नक्की माहीत नसताना बोलणं बरं नव्हे. स्टॅनसाठी दोन पानांचा अहवाल लिहिला, ‘प्रोग्राममध्ये दोष आढळला नाही, नोंद राहून गेल्याची शक्यता’. त्यानं तो पेढीला पाठवला. आठवड्यानं कळलं की व्हर्ना प्रुइट यांनी राजीनामा दिला. काढून टाकायच्या आत आपणच गेलेलं बरं, असं म्हणाल्या म्हणे.

चूक शोधायला मला तीन आठवडे लागले. जेवणाच्या सुट्टीत, सगळे बाहेर गेले की मी दार लावून बसायचो. अकरा परिस्थितींपैकी एक सोडली तर उरलेल्या दहांतल्या पाच या दुसऱ्या पाचांचं आरशातलं प्रतिबिंब असतात. डाव्या बाजूला जे करायचं तेच उजव्या बाजूला उलटं. मी डाव्या बाजूचा मजकूर उचलून खाली उतरवला होता आणि त्यातल्या प्रत्येक ‘डावा’चा ‘उजवा’ केला होता. एक सोडून. तीनशे सदतिसाव्या ओळीत एक ‘डावा’ तसाच राहिला होता. ती परिस्थिती क्वचितच यायची. आली की एक फांदी हातातून सुटायची आणि मशीन पुन्हा चालू होईपर्यंत तिच्यावरच्या पिशव्या कुणाला दिसायच्या नाहीत. दोन वर्षांत हे आणखी किती वेळा, किती गावांत घडलं असेल, त्याचा मी हिशेब करायला लागलो आणि सोडून दिला.

तो शब्द बदलायला एक सेकंद लागला असता. मी बदललाही. पण मग उरलेल्या चारशे अकरा ओळींकडे बघवेना. माझा त्यांच्यावरचा विश्वासच उडाला होता. शेवटी खण उघडला, ओडेसाची फ्लॉपी काढली आणि वाचायला बसलो. पाऊण तासात वाचून झालं, समजलं. दुसऱ्यांदा वाचलं, चूक सापडेना. दोन आठवडे त्यात लाखभर पिशव्या घातल्या, काढल्या, एकही हरवली नाही. मी माझं झाड काढून टाकलं आणि तिची रांग तिथं बसवली. सगळ्या पेढ्यांना नव्या फ्लॉप्या गेल्या, सोबत पत्र, ‘वेग वाढवण्यासाठी सुधारणा’.

वेग खरंच थोडा वाढला. एका पेढीनं कौतुकाचं पत्र पाठवलं. स्टॅननं ते मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. “म्हातारा अजून धावतोय बरं का! काय केलंस रे असं?”

“थोडी साफसफाई,” मी म्हणालो. ओडेसा समोरच बसली होती.

दोन दिवसांनी ती माझ्या खोलीत आली. हातात छापील पानं होती. दार लावून घेतलं.

“हे माझं आहे,” ती म्हणाली.

मी तयारीत होतो. “हो. मी सांगणारच होतो. तुझं नाव घालतो वर. स्टॅनशी बोलतो आज.”

“नावाचं नंतर बघू.” ती बसली नाही. “मला एवढंच सांगा, झाड का काढलंत?”

“वेगासाठी. पत्रात लिहिलंय.”

“लॉइड, मी चौदा वर्षं पोरांची कारणं ऐकली आहेत. गृहपाठ कुत्र्यानं खाल्ला, बस चुकली. तुम्ही ते झाड मरेपर्यंत काढलं नसतंत. चौकट करून लावलंय भिंतीवर. आणि आज बघते तर चौकट पण नाही.”

मी भिंतीकडे बघितलं. तिथं फिकट चौकोन उरला होता.

“त्यात काहीतरी होतं,” ती म्हणाली. “केव्हा कळलं तुम्हाला?”

मी त्या चौकोनाकडेच बघत राहिलो. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग ती खुर्चीत बसली.

“त्या शोअरवरच्या बाई,” ती म्हणाली. “त्यांनी नोंदवल्या होत्या.”

“हो.”

“तुम्हाला तिथं असतानाच कळलं?”

मी ब्रीफकेसमधून कागदाचा तुकडा काढून तिच्या पुढे ठेवला. तिनं वाचला. तो वाचता येणारी माझ्यानंतरची ती पहिली. बराच वेळ ती नुसती बोटानं कडा सरळ करत राहिली.

“तुम्ही मला नावं ठेवलीत तेव्हा वाटलं, माणूस गर्विष्ठ आहे,” ती म्हणाली. “गर्विष्ठ माणसांबरोबर काम करता येतं. पण हे... तुम्ही सांगणार की मी सांगू?”

“मला एक आठवडा दे.”

“आठवडा कशाला? त्या बाईंना आठ आठवडे झाले.”

“शनिवारपर्यंत.”

“शनिवार,” ती म्हणाली आणि उठली. दारातून वळून म्हणाली, “आणि माझं नाव त्यात अजिबात घालू नका. आत्ता तरी नको. त्या कागदाशेजारी मला माझं नाव बघायचं नाही.”

मी स्टॅनला सांगितलं. तो आधी पांढरा पडला, मग लाल. “गाढवा! झालं गेलं, आता चूक दुरुस्त आहे ना? मग तोंड बंद ठेव. वकिलाला विचारल्याशिवाय एक शब्द नाही. पाच घरं चालतात या कंपनीवर, त्यात तुझंही आहे.”

“ती बाई...”

“तिला मी पत्र लिहितो. चांगलं पत्र. शिफारसपत्र.”

शनिवारी सकाळी मी गाडी काढली. माझी बायको लोइस विचारत होती कुठं निघालास, आणि मग मी तिला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ती कॉफीचा कप विसळत राहिली, आधीच स्वच्छ असलेला. थोड्या वेळानं म्हणाली, “तू त्या दिवशी घरी येऊन मला सुपाबद्दल सांगितलं होतंस. किती चांगली बाई आहे म्हणालास.”

व्हर्ना प्रुइट आता एका शाळेच्या खानावळीत वाढायचं काम करत होत्या. घर लहान, लाकडी, मागे ओहोळ. मला बघून त्यांनी जाळीचं दार उघडलं नाही.

“मिस्टर केसलर.”

“मिसेस प्रुइट, तुम्ही त्या पिशव्या मंगळवारी नोंदवल्या होत्या. दहा वाजून बारा मिनिटांनी. चूक माझ्या प्रोग्रामची होती. आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं.” वाटेत मी पुष्कळ लांब बोलणं जुळवलं होतं. त्यातलं एवढंच आलं.

त्या जाळीपलीकडे उभ्या होत्या. मी कागदाचा तुकडा पुढे केला. त्यांनी दार बोटभर उघडून तो घेतला, चष्मा लावला.

“कुठली ओळ?”

मी जाळीवरून दाखवलं. त्या ओठ हलवत आकडे वाचत राहिल्या.

“माझी बहीण म्हणायची, तू नक्की चढवल्यास, मी फोनवर होते. मीच तिला म्हणायला लागले होते की नाही गं, बहुतेक विसरलेच असेन मी.” त्यांनी चष्मा काढला. “स्वतःवरचा भरवसा घालवलात हो तुम्ही माझा. या वयात.”

“मला माफ...”

“नको,” त्या म्हणाल्या. “ते आता नको. माझ्या स्वयंपाकातलं खाल्लंत तुम्ही, आणि हा कागद तेव्हा तुमच्या बॅगेत होता?”

“तेव्हा नव्हता. जेवणानंतर सापडला.”

हे का बोललो कुणास ठाऊक. तेवढाच एक तपशील माझ्या बाजूचा होता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खाली पायऱ्यांकडे बघायला लागलो.

“मला दारात येऊन सांगू नका,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला माहीतच होतं. जिथं मला खोटारडी ठरवलं तिथं जाऊन सांगा. सगळ्यांच्या पुढे. आणि त्या पोरीच्या घरी कळवा. तिला वाटतं, माझ्यामुळे झालं.”

पुढच्या बुधवारी दुपारी पेढीच्या जेवणाच्या खोलीत चौदा माणसं जमली. क्रॉपर भिंतीला टेकून उभे होते. व्हर्ना प्रुइट शेवटच्या रांगेत, कोट अंगातच. मी उभा राहिलो आणि तारखेनिशी सगळं सांगितलं. झाडाचं सांगितलं, राहिलेल्या ‘डावा’चं सांगितलं. ते त्यांना कळलं नसावं. कागद फाडून नेल्याचं मात्र सगळ्यांना कळलं. कुणीतरी जोरात श्वास घेतला. एकही शिवी आली नाही, शिवी आली असती तर मला सोपं गेलं असतं. शुक्रवारी पडद्यावर बघणारा तो माणूस, तिशीतला, दोन्ही हातांत तोंड धरून बसला होता. त्याचा मी तोपर्यंत विचारच केला नव्हता.

“मग आता तरी नीट चालतंय का?” एका बाईनं विचारलं.

“हो. आता माझं नाही त्यात. ओडेसा टिलमन म्हणून आहेत, त्यांचं आहे. त्यांनी ते फेब्रुवारीतच सुचवलं होतं. मी त्यांची थट्टा केली होती.”

क्रॉपर व्हर्ना प्रुइट यांच्याकडे गेले, काहीतरी बोलले. प्रुइटबाईंनी मान हलवली, हो की नाही ते मला दिसलं नाही. मी निघालो तेव्हा लोकांनी वाट दिली, जरा जास्तच रुंद.

स्टॅननं मला त्याच संध्याकाळी काढून टाकलं. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. दोन पेढ्या सोडून गेल्या, बाकीच्या राहिल्या, आणि त्या राहिल्या त्या ओडेसामुळे. ती प्रत्येक ठिकाणी स्वतः गेली, फ्लॉपी घेऊन, आणि आधी काय झालं होतं ते स्वतः सांगितलं. वर्षभरात माझ्या खोलीत ती बसायला लागली. पाटी तिनं काढून टाकली असं ऐकलं. त्या बाळंतिणीच्या घरी मी पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. त्याची अपेक्षा ठेवणंही बरोबर नव्हतं. व्हर्ना प्रुइट पेढीत परत गेल्या, तीन वर्षं राहिल्या आणि पेन्शन घेऊन बाहेर पडल्या. हे मला क्रॉपर यांच्या एका चार ओळींच्या पत्रातून कळलं.

मी पुढे काउंटीच्या वाचनालयात पुस्तकांच्या यादीचा प्रोग्राम सांभाळायचं काम धरलं. तिथं कुणी मुख्य नाही. काही सांगायचं असलं की मी दोनदा सांगतो, लेखी देतो, आणि लोक मला फार काळजी करणारा म्हातारा समजतात.

दर उन्हाळ्यात आम्ही समुद्रावर जातो, म्हणजे पूल ओलांडून त्याच रस्त्यानं. पेढीच्या गावाकडे वळायची पाटी येते तेव्हा लोइस रेडिओ बारीक करते. पहिल्या वर्षी तिनं विचारलं होतं, “थांबायचं का? नुसतं प्रुइटबाई कशा आहेत ते विचारायला?”

“नको,” मी म्हणालो. “त्यांना दार उघडावं लागेल.”

तेव्हापासून ती विचारत नाही. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवतो आणि पाटी मागे जाईपर्यंत समोर बघत राहतो.